भिंतीपलीकडचे शुक्रवार

आमचं चर्च कर्वेनगर संपून वारजे सुरू होतं त्या भागात आहे. नक्की कुठे काय संपतं आणि कुठे काय सुरू होतं यावर आमच्या मंडळीत दोन मतं आहेत आणि मी अर्थातच कर्वेनगरवाला आहे. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं खुर्ची झिजवून मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात मंडळीनं मला चिटणीस केलं. खात्यात माझ्या हाताखाली सात माणसं होती. चर्चमध्ये एकही नव्हतं. त्यामुळे अंगात उरलेली सगळी अधिकारशाही मी पत्रव्यवहारात ओतली.

हा पत्रव्यवहार बहुतेक एकाच पत्त्यावर होई. आमच्या आवाराला लागून, एका भिंतीपलीकडे, मल्याळी लोकांचं चर्च आहे. आम्ही मराठी प्रोटेस्टंट. ते केरळातले, सिरियन परंपरेचे, फार जुने ख्रिस्ती. आम्ही खुर्च्यांवर बसून पेटी-तबल्यावर गीतं म्हणतो, ते चपला बाहेर काढून, उभ्यानं, धूप जाळून प्रार्थना करतात. दहा वर्षं आम्ही शेजारी होतो आणि या दहा वर्षांत त्यांच्याशी आमचं काही बोलणं झालं नाही असं म्हणता येणार नाही, कारण मी त्यांना नऊ पत्रं लिहिली होती. ‘आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की’ अशी प्रत्येकाची सुरुवात. विषय दोनच. एक, त्यांच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज. दोन, आमच्या फाटकासमोर लागणाऱ्या त्यांच्या गाड्या. एकाही पत्राला उत्तर आलं नाही. त्यावरून ते लोक गर्विष्ठ आहेत असा निष्कर्ष मी काढला आणि तो मंडळीच्या वार्षिक अहवालात, सौम्य शब्दांत, नोंदवलाही.

मग आमच्याकडे नव्या पाळक, म्हणजे धर्मगुरू, आल्या. वय पस्तिशीच्या आत. आमच्याकडे ‘पाळकबाई’ म्हणजे पाळकांची बायको, असं शंभर वर्षं चालत आलेलं. आता पाळकबाई हीच पाळक म्हटल्यावर तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं, यावर समितीच्या बैठकीत अर्धा तास गेला. नवरा बिचारा हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करायचा आणि रविवारी मागच्या रांगेत बसून डुलक्या काढायचा. त्याला काही म्हणण्याची वेळ फारशी आली नाही.

लेंट तोंडावर आला होता. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. उपवासाचा, प्रार्थनेचा, मन साफ करण्याचा काळ. पाळकबाईंनी समितीत विषय काढला की या वर्षी दर शुक्रवारी संध्याकाळी आपण आणि शेजारचं चर्च मिळून एकत्र जेवावं आणि एकत्र प्रार्थना करावी. एका शुक्रवारी त्यांच्याकडे, एका शुक्रवारी आपल्याकडे. जेवण साधं, उपवासाच्या काळाला शोभेल असं. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा, विधी मात्र आपापल्या चर्चमध्ये, कारण त्याचे नियम दोन्हीकडे वेगळे. त्यांच्या धर्मगुरूंशी, ज्यांना ते लोक ‘अच्चन’ म्हणतात, त्यांचं बोलणंही झालं होतं.

मी विरोध केला. मुद्देसूद केला. भाषेची अडचण, वेळेची अडचण, आणि गेल्या दहा वर्षांतला पूर्वानुभव, असे तीन मुद्दे मांडून नऊ पत्रांच्या जपून ठेवलेल्या स्थळप्रती टेबलावर ठेवल्या. पाळकबाईंनी त्या शांतपणे चाळल्या आणि म्हणाल्या, “काका, त्यांच्याशी सगळ्यात जास्त संपर्क तुमचाच आहे. तुम्हीच संयोजक व्हा.” समितीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशासाठी होत्या हे मला घरी गेल्यावर कळलं.

त्या वर्षी मी लेंटसाठी चहा सोडला होता. हे वाक्य मी इथे जितक्या सहज लिहिलं तितक्या सहज मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणाच्या घरी गेलो की चहा पुढे येईपर्यंत थांबायचं, मग हात जोडायचे, किंचित हसायचं आणि म्हणायचं, “नाही, सध्या नको.” समोरच्यानं “का हो?” असं विचारलं की थोडे आढेवेढे घ्यायचे. आठवडाभरात कर्वेनगरातल्या निम्म्या घरांत माझा त्याग पोचला. बायको म्हणाली, “तुम्ही चहा पीत होतात तेव्हा इतका वेळ जात नव्हता त्यात.”

पहिला शुक्रवार त्यांच्याकडे होता. आम्ही तीसेक जण भिंतीला वळसा घालून गेलो. आधी जेवण होतं. सतरंज्या अंथरलेल्या, समोर स्टीलचा वाडगा, त्यात गरम गरम पेज, बाजूला शिजवलेले हिरवे मूग, खोबऱ्याची चटणी आणि पापड. चमचा म्हणून फणसाचं पान दुमडून, काडीनं टाचून दिलेलं. आजूबाजूचे सगळे त्या पानानं इतक्या सफाईनं पेज पीत होते की मी कुणाला साधा चमचा मागितला नाही. माझं पान पहिल्याच घासाला उलगडलं आणि पेज शर्टावरून ओघळली. इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. संयोजकाचा.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. सावळे, उंच, रुंद खांद्यांचे, लुंगीसारखं पांढरं मुंडू नेसलेले. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं पान घेतलं, पुन्हा दुमडलं, टाचलं आणि परत दिलं. मग म्हणाले, “सायेब, उलटं धरलं व्हतं तुमी.”

मी चमकलो. मल्याळी माणसाच्या तोंडून हे असं मराठी मी ऐकलं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की ते विशीत केरळातून आले आणि खडकवासल्याच्या लष्करी अकादमीच्या मेसमध्ये स्वयंपाकी म्हणून लागले. चाळीस वर्षं तिथेच. राहायला धरणाजवळच्या एका गावात होते. मराठी शिकले ते गावातल्या बायाबापड्यांकडून, दळण-भाजी आणताना. त्यांच्या चर्चमध्ये सगळे त्यांना ‘अप्पच्चन’ म्हणत, म्हणजे आजोबा. चर्चचे विश्वस्तही तेच होते. म्हणजे माझी नऊ पत्रं ज्यांच्या नावानं गेली ते हेच. मी ते तिथे बोललो नाही. त्याऐवजी मी त्यांना सांगितलं की मी चहा सोडला आहे.

“चहा सोडला?” ते खरोखर काळजीनं म्हणाले. “लय अवघड हाय ते.”

मग मी शिष्टाचार म्हणून विचारलं की आपण काय सोडलंत. ते म्हणाले, “आमचं काय, नेहमीचंच.” नेहमीचं म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध, दही, तूप, सगळं बंद. तेही चाळीस नाही, पन्नास दिवस. कळायला लागल्यापासून दर वर्षी. मी पापड खाल्ला आणि विषय बदलला.

प्रार्थना दीड तास चालली, सगळी उभ्यानं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मधूनच सगळे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचे आणि झटक्यात उभे राहायचे. त्यात सत्तरीचे अप्पच्चनही होते. मी पहिल्यांदा टेकलो तेव्हा उठेपर्यंत लोकांची दुसरी खेप झाली होती. त्यानंतर मी नुसता कमरेत वाकत राहिलो. शेवटी प्रत्येकानं आपापल्या भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणायची होती. आमची मराठी त्यांच्या आधी संपली. मला उगाचच शर्यत जिंकल्यासारखं वाटलं.

दुसरा शुक्रवार आमचा. इथे माझी खरी करामत सुरू होते.

महिला मंडळाचं म्हणणं होतं की पिठलं-भाकरी करावी. साधं, पोटभर, सगळ्यांना येणारं. मला ते पटलं नाही. ज्यांनी आपल्याला हिरवे मूग घातले त्यांना आपण बेसन घालायचं? यात मराठी मंडळीची शोभा काय राहिली? मी म्हणालो, उपवासाचं जेवण आहे ना, मग साबुदाण्याची खिचडी करा. आमच्या घराला ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या, पण उपवास म्हटलं की हात अजून साबुदाण्याच्या डब्याकडेच जातो. आणि खिचडी तेलात नाही, साजूक तुपात. सोबत दही. उपवासाची बटाट्याची भाजी, तीही तुपात. वर प्यायला ताक. महिला मंडळाच्या अध्यक्षा माझी बायकोच. तिनं विचारलं, “त्यांना चालेल ना हे सगळं? एकदा विचारून घ्या.”

मी म्हणालो, “उपवासाला साबुदाणा न चालणारा माणूस मला दाखव.”

वाचकाच्या लक्षात आलं असेल. मला आठच दिवसांपूर्वी अप्पच्चननी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. दूध, दही, तूप बंद. मी ऐकलंही होतं. पण ते ऐकताना त्यांचे पन्नास दिवस माझ्या चाळिसांपेक्षा दहानं जास्त भरतात, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. दह्यातुपाकडे लक्षच गेलं नाही.

त्यांची पस्तीस माणसं आली. आमच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. मी स्वतः दारात उभं राहून स्वागत केलं. ताटं वाढली गेली. तुपाचा असा घमघमाट सुटला होता की आमच्या लोकांना धीर धरवेना. पाहुणे मात्र ताटाकडे बघत बसले. अत्यंत सभ्यपणे. कुणी मिरचीचा तुकडा बाजूला सारला, कुणी पाण्याचा घोट घेतला. अच्चन तरुण होते, त्यांनी केळं सोललं आणि फार सावकाश खाल्लं. मी प्रत्येक टेबलाजवळ जाऊन “संकोच करू नका, भरपूर आहे” असं सांगत फिरत होतो. एका बाईंच्या ताटात तर मी आग्रहानं आणखी एक चमचा दही घातलं.

शेवटी अप्पच्चन उठले आणि मला कोपऱ्यात घेऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, “सायेब, जेवण फस्कलास दिसतंय. पर तूप हाय का यात?”

मी अभिमानानं म्हणालो, “शुद्ध. घरी कढवलेलं.”

आणि मग ते वाक्य माझ्याच कानात शिरलं. पुण्यात माणूस चुकला की आधी दुसऱ्याची चूक शोधतो. मीही शोधली. पण आजूबाजूला कुणीच हाताशी नव्हतं.

अप्पच्चननी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “चूल कुटं हाय?”

स्वयंपाकघरात माझी बायको आधीच बाह्या सरसावून उभी होती. तिनं ओट्याखालून एक मोठी पिशवी काढली. तिच्यात बेसन होतं, ज्वारीचं पीठ होतं, कांदे, लसूण, मिरच्या आणि तेलाचा डबा. मी विचारलं, हे कुठून आलं. ती म्हणाली, “तुम्ही संयोजक झालात त्या दिवशीच आणून ठेवलं होतं.”

पुढची चाळीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. अप्पच्चननी मुंडू वर खोचलं आणि सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं. चाळीस वर्षं शेकडो पोरांना वेळेवर जेवू घातलेला माणूस तो. त्यांनी कांदा चिरायला घेतला तेव्हा सुरी दिसेनाशी झाली. फोडणीत लसूण पडला, मिरची पडली, बेसन एका हातानं भुरभुरत आणि दुसऱ्या हातानं घोटत त्यांनी पिठलं असं केलं की एक गुठळी नाही. बायकोनं आणि मंडळाच्या बायकांनी भाकऱ्या थापायला घेतल्या. पिठलं झाकून अप्पच्चन त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनीही पिठाचा गोळा उचलला. धरणाजवळच्या गावात शिकलेली भाकरी होती ती. आमच्यातल्या एक बाई, ज्या कुणाच्याच भाकरीला चांगलं म्हणत नाहीत, त्या नुसत्या बघत राहिल्या. मी मधे मधे करत होतो. मीठ घालू का, ताटं पुसू का. अप्पच्चननी एकदा वर बघितलं आणि म्हणाले, “सायेब, तुमी पानी वाढा.”

मी पाणी वाढलं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं मी कालव्याच्या पाण्याच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या, पण तहानलेल्या माणसाच्या पेल्यात स्वतःच्या हातानं पाणी ओतण्याचा हा पहिलाच प्रसंग. तांब्या जड होता. दोघांच्या मांडीवर सांडलं.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, आमच्या लोकांनी खिचडीवर आणखी तीही खाल्ली. प्रार्थना तासभर उशिरा सुरू झाली. पाळकबाई प्रवचनात माझ्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत, फक्त पाहुणचार या विषयावर बोलल्या. मी सबंध वेळ बुटांकडे बघत होतो.

तिसऱ्या शुक्रवारी त्यांच्याकडे जेवण झाल्यावर मी न सांगता भांडी घासायला गेलो. हे चांगुलपणानं नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी पुन्हा गुडघे टेकायला लागू नयेत म्हणून उशीर करण्याचा तो एक मार्ग होता. मोरीपाशी अप्पच्चन वाडगे विसळत होते. मी एक वाडगा घासायला घेतला. मग त्यांनी विचारलं, “ती पत्रं तुमीच लिवत व्हता न्हवं?”

मी हो म्हणालो. सही माझीच होती, नाही म्हणून चालणार नव्हतं.

“लय भारी मराटी हाय तुमचं,” ते म्हणाले. “मला बोलाय येतं, वाचाय येत न्हाई. पत्र आलं की मी वाण्याकडं न्यायचो. त्यो वाचून दावायचा. त्याला बी काय काय शब्द कळायचं न्हाईत.”

मी विचारलं, मग उत्तर का नाही दिलंत?

“तुमच्यासारखं लिवनार कोन?” ते म्हणाले. “चुकीचं गेलं तर बरं दिसनार न्हाई. म्हनून आमी नुसतं काम करून टाकलं. पयल्या पत्रानंतर गाड्या मागच्या गल्लीत लावाय सुरुवात केली. दुसऱ्या पत्रानंतर भोंगा काडला. मग तिसरं आलं. तवा इचार केला, आता काय काडावं.”

माझ्या हातातला वाडगा तसाच राहिला. मी म्हणालो की तसं कसं, आवाज तर दर रविवारी येतो, अगदी गेल्या रविवारीही आला. ते म्हणाले, येतो की, आमाला बी येतो. आणि त्यांनी ओल्या हातानं मागच्या बाजूला बोट दाखवलं. दोन्ही चर्चच्या मागे, झाडांआड, एक मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत तिथे बँड असतो, एरवी मुंजी, बारशी, साखरपुडे. आठ वर्षं मी त्या बँडच्या तक्रारी एका अशा माणसाकडे करत होतो ज्यानं आपला भोंगा काढून माळ्यावर टाकला होता. आणि गाड्या? आमच्या फाटकासमोर लागणाऱ्या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या होत्या. त्यांच्या काचांवर फुलांच्या माळा असायच्या. मी त्या पाहिल्या होत्या. मला वाटायचं, मल्याळी लोकांना फुलांची आवड असते.

मी माफी मागायला हवी होती. तोंडही उघडलं. पण छत्तीस वर्षांच्या सवयीनं जे शब्द आले ते असे, “याबाबत वस्तुस्थिती तपासून घेण्यात येईल.” अप्पच्चन म्हणाले, “बरं,” आणि पुढचा वाडगा माझ्या हातात दिला.

त्यानंतरचे शुक्रवार बरे गेले. आमच्याकडे पिठलं किंवा मसूरची आमटी आणि भात, त्यांच्याकडे पेज. त्यांच्या बायका आमची दोन गीतं शिकल्या, आमच्यापैकी काही जण उभ्यानं प्रार्थना करायला शिकले. माझ्याकडे पाण्याचं खातं कायम झालं. मात्र माफीचं माझ्या डोक्यातून जाईना. मी मनातल्या मनात तिचे मसुदे करत होतो. पहिला मसुदा फार लांब झाला, दुसऱ्यात ‘अनवधानाने’ हा शब्द तीनदा आला.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करतात. पाळकबाईंनी ठरवलं की त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये दोन्ही मंडळ्यांतल्या सहा सहा जणांच्या जोड्या लावून एकानं दुसऱ्याचे पाय धुवावेत. आमच्याकडे असं पूर्वी कुणी केलं नव्हतं. त्यांच्याकडे हा विधी फक्त बिशपच करतात. अच्चन म्हणाले की तुमच्याकडे साध्या माणसांनी केलं तर तो आमचा विधी होत नाही, तेव्हा आमची हरकत नाही, आम्ही येऊ.

जोड्यांची यादी करण्याचं काम संयोजकाचं. मी माझं नाव अप्पच्चनांसमोर लिहिलं. बारा जणांत कुणी कुणाचे धुवायचे हेही मीच ठरवलं आणि धुणाऱ्यांत स्वतःचं नाव सर्वांत वर घातलं. नम्रतेत पहिला नंबर सोडायचा नाही, असं काहीसं माझ्या मनात असावं. शिवाय योजना अशी की पाय धुता धुता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, माफी मागून टाकायची. मसुदा आता एका वाक्यावर आला होता.

त्या संध्याकाळी चर्च भरलं होतं. पुढे सहा खुर्च्या, प्रत्येकीसमोर घंगाळ आणि टॉवेल. पेटीवर संथ सूर चालू. मी अप्पच्चनांसमोर टॉवेल अंथरला आणि दोन्ही गुडघे टेकले. त्यांनी मुंडू थोडं वर घेतलं. त्या पायांवर शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. उजव्या पावलावर घोट्यापासून बोटांपर्यंत भाजल्याचा जुना डाग होता, कातडी तिथे गुळगुळीत आणि चकाकती. चाळीस वर्षं चुलीपुढे उभं राहिलेले पाय. मी पाणी ओतलं, एक पाय धुतला, मग दुसरा. पुसले. माझं वाक्य जिभेवर आलं होतं, पण ते मला एकाएकी फार सजवलेलं वाटलं. मी नुसताच त्या डागाकडे बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही.

मग मी उठायला गेलो आणि उठता येईना.

उजवा गुडघा जो धरला तो सुटेना. डाव्यावर जोर द्यावा तर त्यातून कळ निघे. बाकीचे पाच जण उठून जागेवर गेले. मी एकटाच पुढे, डोकं खाली, दोन्ही हात घंगाळाच्या काठावर. हात काठावर होते कारण ते काढले असते तर मी तोंडावर आपटलो असतो. गीत संपत आलं होतं. आता शांतता होणार आणि सगळं चर्च माझ्याकडे बघणार, या विचारानं मला घाम फुटला. पण गीत संपलं नाही. गाणाऱ्यांनी पुन्हा पहिलं कडवं धरलं. मग दुसरं. मागून कुणीतरी हुंदका दिल्याचं ऐकू आलं.

अप्पच्चन खाली वाकले. “सायेब, गुडगं का?”

मी मान हलवली.

ते खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर आले, माझ्या काखेत हात घातले आणि गव्हाचं पोतं उचलावं तसं मला उभं केलं. तोल जाऊ नये म्हणून थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. लांबून ते मिठी मारल्यासारखं दिसलं असणार. कारण तेवढ्यात अर्धं चर्च रडायला लागलं.

उपासनेनंतर माणसं रांगेनं माझा हात हातात घ्यायला आली. वारजेवाल्या गटाचे म्होरके, जे माझ्याशी चार वर्षं बोलत नव्हते, ते म्हणाले की आज तुम्ही आम्हाला पश्चात्ताप म्हणजे काय ते दाखवलंत. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या की इतकी खोल प्रार्थना त्यांनी आयुष्यात पाहिली नाही. मी प्रत्येकाला म्हणालो, “सगळी देवाची कृपा.” गुडघ्याचं कुणाला सांगितलं नाही. लंगडत घरी गेलो, तेल लावलं आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. आमची उपासना दुपारी होती, पण मी सकाळीच भिंतीपलीकडे गेलो. बोलावलेलं नव्हतं. त्यांची प्रार्थना सकाळपासून दुपारपर्यंत चालते. मी मागे, खांबाला टेकून, उभा राहिलो. मधे जरा वेळ लोक बाहेर आले तेव्हा अप्पच्चन मला दिसले. मी त्यांना आडोशाला घेऊन गेलो आणि एका दमात सांगितलं की काल मी प्रार्थना करत नव्हतो, माझा गुडघा अडकला होता, आणि लोक जे समजतात ते खोटं आहे, आणि त्या पत्रांबद्दल, म्हणजे नऊच्या नऊ पत्रांबद्दल, मी चुकलो. मला माफ करा.

त्यात एकही भारी शब्द नव्हता. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

अप्पच्चननी आधी अच्चन कुठे उभे आहेत ते बघून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सायेब, कुनाला सांगू नगा. मी बी प्रार्थना करत न्हवतो. तुमी पाय पुसाय लागला आन मला अशा गुदगुल्या व्हाय लागल्या, की हसू दाबता दाबता जीव गेला माजा.”

आम्ही दोघं गुड फ्रायडेच्या दिवशी, चर्चच्या आवारात, तोंडावर हात दाबून हसलो. दोन बायकांनी वळून पाहिलं. आम्ही रडतो आहोत असं त्यांना वाटलं असावं, कारण एकीनं तिचा रुमाल मला आणून दिला.

प्रार्थनेच्या शेवटी त्यांच्याकडे प्रत्येकाला कारल्याचा रस देतात, येशूला क्रुसावर आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, दिली गेली त्याची आठवण म्हणून. अप्पच्चननी मला रांगेत आपल्यापुढे उभं केलं. मी एका घोटात प्यायलो आणि चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. अच्चनना ते आवडलं असावं, त्यांनी मला आणखी एक चमचा दिला.

दुपारी आमची उपासना झाली आणि घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. गुडघा, हात घंगाळावर का होते, रांगेतले लोक, माझी ‘देवाची कृपा’. ती वाल सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून?

“तुम्ही खाली बसलात तेव्हापासून. गाणाऱ्यांना मीच खूण केली, आणखी दोन कडवी म्हणा म्हणून. तेवढ्यातही उठला नसतात तर मी येणार होते.” मग तिनं सोललेल्या वालांची परात माझ्याकडे सरकवली आणि मला जमिनीवर नाही, खुर्चीवर बसायला सांगितलं.